पुणतांब्याचे चितळकर
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या व्याख्यानासाठी आजवर संतचरित्र, विद्याप्रसार, उद्योगधंदा असेच विषय बहुधा घेण्यात आले. यंदा जिल्ह्यातील एखाद्या कर्त्या पुरुषाविषयी बोलावे असे ठरले आणि आम्ही संगीतकार सी. रामचंद्र यांचे नाव सुचविले. तेव्हा दोनचार ठिकाणी भुवया वर गेल्या. 'सिनेमावाला?' हा प्रश्न कोणी तोंडाने विचारला नाही. परंतु तो आम्हांस ऐकू आला. ते आपल्या ज्ञातीतीलही नव्हते. तरीही त्यांजविषयी या व्यासपीठावरून बोलणे अगत्याचे आहे असे आम्हांस का वाटले, हे पुढे सांगण्यात येईलच.

आपल्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. परगावचा पाहुणा आला म्हणजे, ज्ञानेश्वरी नेवाशास सांगितली गेली, साईबाबा शिर्डीस राहिले आणि सहकारी साखर कारखान्याचा पाया प्रवरेकाठी घातला गेला, हे आपण अभिमानाने सांगतो. पुणतांब्याचे नाव निघाले तर चांगदेवांची समाधी दाखवितो. गोदावरीकाठचे हे गाव दौंड-मनमाड लोहमार्गावर आहे. शिर्डीचा फाटा तेथूनच फुटतो. याच गावी १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. गाडी तेथे थांबते, प्रवासी शिर्डीच्या गर्दीचा विचार करीत बसतात आणि गाडी पुढे जाते. ज्याच्या चाली त्यांतील निम्मे लोक रोज गुणगुणतात, त्या माणसाचे हे जन्मगाव आहे हे फार थोड्यांस ठाऊक असते.

नावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्या मंडळींत आडनावास फार महत्त्व. आडनाव कळले की गाव निघते, कूळ निघते, कोठेतरी सोयरीकही निघते. या गृहस्थांनी त्या आडनावाचे एक अक्षर करून टाकले आणि तेही नावाच्या आधी, दक्षिणेकडच्या रीतीने लावले. काही चित्रपटांना त्यांनी 'अण्णासाहेब' या नावाने संगीत दिले, काहींना 'राम चितळकर' या नावाने आणि एकास 'श्यामू' या नावाने. मात्र स्वतः गावयास उभे राहिले की ध्वनिमुद्रिकेवर नाव येई ते 'चितळकर' असे. चाल बांधणारा कोणीही असो, गळा मात्र घराण्याचा, असेच जणू त्यांच्या मनात असावे. हा आमचा तर्क आहे. त्यास आधार मागू नये.

त्यांचे शिक्षण अस्सल होते. नागपूरला शंकरराव सप्रे यांजकडे ते शिकले. पुढे डॉ. वसंतराव देशपांडे म्हणून कीर्तिमान झालेले गायकही त्याच गुरूचे शिष्य. विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले; तेथेही चितळकरांनी तालीम घेतली. विनायकबुवा म्हणजे पं. विष्णु दिगंबरांचे पट्टशिष्य, शिस्तीचे कडवे. अशा गुरूच्या हाताखालून निघालेला मुलगा मैफलीचा गवई व्हावयाचा. हा सिनेमात शिरला, आणि तोही नट होण्यासाठी. वाय. व्ही. राव यांच्या 'नागानंद' या चित्रपटात त्याने नायकाचे काम केले. त्या चित्रपटाने त्याचे दैव उघडले नाही. नंतर सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका आणि बुंदू खाँ, हबीब खाँ या संगीतकारांच्या हाताखाली पेटी वाजविणे, एवढेच काम उरले.

पेटीवाल्याचे स्थान कोणते हे ज्यांनी नाटककंपन्यांचा काळ ऐकला आहे त्यांस सांगावयास नको. त्याने खाली मान घालून सूर धरावयाचा. चाल दुसऱ्याची, नाव दुसऱ्याचे. परंतु संगीतकाराच्या मनातले गाणे कच्चे असताना ते प्रथम पेटीवाल्याच्याच बोटांखालून जाते. कोठे शब्द अडतो, कोणता सूर गायिकेस जड जातो, हे सारे तो पाहत असतो. नायक म्हणून मिळालेल्या अपयशापेक्षा ही उमेदवारी त्यांना अधिक फळली असे आमचे मत आहे.

स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली संधी मिळाली ती मराठीत नाही, हिंदीतही नाही, तर तमिळमध्ये! 'जयक्कोडी' आणि 'वनमोहिनी' हे ते चित्रपट. भाषा न समजणाऱ्या मनुष्याला चाल बांधावयाची तर अर्थाचा आधार सुटतो आणि अक्षरांचा नादच हाती राहतो. पुढे निरर्थक शब्दांनाही त्यांनी जे नाचविले, त्याचे मूळ कदाचित येथे असेल. 'वनमोहिनी'चे दिग्दर्शक होते मास्टर भगवान. त्यांच्याच 'सुखी जीवन'ने १९४२ साली हिंदीचा दरवाजा उघडला, आणि ही जोडी १९५१ च्या 'अलबेला'पर्यंत एकत्र राहिली.

आता ज्या गाण्यांमुळे भुवया वर जातात त्यांच्याकडे वळू. १९४७ साली 'शहनाई' चित्रपट आला. त्यातील रविवारचे गाणे ऐकले नाही असा मनुष्य त्या पिढीत सापडणे कठीण. गिटार, तोंडाने वाजविण्याचा हार्मोनिका आणि चक्क शीळ! अमेरिकेतील बेनी गुडमन या क्लॅरिनेटवादकाचे जॅझ संगीत चितळकरांनी आवडीने ऐकले होते. मुंबईच्या हॉटेलांतून वाजविणारे गोमंतकीय वादक त्यांनी जवळ केले. चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले ट्रंपेटवादक त्यांपैकी एक. 'अलबेला'त ते आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. हे वादक पाश्चात्त्य स्वरलिपी वाचीत. आपल्या पद्धतीत वाढलेला संगीतकार चाल गाऊन दाखवी, सहायक ती लिहून घेई आणि मग दहावीस वाद्ये एकदम वाजत. त्या काळी ध्वनिमुद्रण आजच्यासारखे तुकड्यातुकड्यांनी होत नसे. गायक आणि वादक एकाच वेळी, एकाच दालनात. शेवटच्या ओळीत एकाचा हात चुकला की सर्वांना पुन्हा पहिल्यापासून! ऐकताना गंमत वाटणाऱ्या तीन मिनिटांच्या गाण्यामागे किती काटेकोरपणा असे याची यावरून कल्पना यावी.

१९४९ च्या 'पतंगा'तील रंगूनहून येणाऱ्या टेलिफोनचे गाणे अनेकांस आठवत असेल. शमशाद बेगमांबरोबर त्यात पुरुषाचा आवाज आहे तो चितळकरांचाच. १९५७ च्या 'आशा'तील किशोरकुमारांच्या प्रसिद्ध गाण्याची हकीकत सांगतात ती अशी, की संगीताच्या खोलीबाहेर मुले खेळताना इंग्रजी शब्दांचा काही खेळ म्हणत होती. त्यावरून आरंभ सुचला, आणि जॉन गोम्स या गोमंतकीय सहायकाने कोकणीतील 'मला नको' या अर्थाच्या दोन शब्दांची त्यात भर घातली.

आपल्यासारख्या घरांतून या गाण्यांस मज्जाव होता हे आपणांपैकी वृद्ध मंडळींस स्मरत असेल. घरात भजन चाले, नाट्यगीत चाले. सिनेमाचे गाणे पोरांनी मोरीत न्हाताना म्हटले तरी बाहेरून दटावणी येई. ही केवळ घरची गोष्ट नव्हती. १९५२ साली बा. वि. केसकर केंद्रात नभोवाणीमंत्री झाले. ते आपले महाराष्ट्रीयच, आणि शास्त्रोक्त संगीताचे कैवारी. त्यांच्या कारकीर्दीत चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काटा फिरविला आणि रेडिओ सिलोन लावले! अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून सरकारला हीच गाणी पुन्हा घरात घ्यावी लागली. केसकरांचा हेतू शुद्ध होता याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु विनायकबुवांच्या शिष्याची रचना आणि बाजारी गोंगाट हे दोन्ही त्यांनी एकाच तागडीत तोलले.

हे आज सांगण्यास कारण आहे. आजच्या करमणुकीच्या कार्यक्रमासाठी आपल्या मुलामुलींनी चितळकरांची तीन गाणी बसविली होती: 'अलबेला'तील अंगाई, १९६३ सालचे हुतात्म्यांचे गीत आणि 'शहनाई'तील ते रविवारचे. यादी समितीपुढे गेली आणि तिसऱ्यावर काट मारून परत आली. कारण दिले ते 'कुटुंबवत्सल समाजास अनुचित' असे. ज्यांनी काट मारली त्यांनी ते गाणे शेवटपर्यंत ऐकले असते तर बरे झाले असते. साहेबी थाटाचा एक छचोर तरुण मुलीस विलायतेची स्वप्ने दाखवितो आणि ती हिंदी मुलगी त्यास धुडकावून लावते, असा तो सारा थट्टेचा मामला आहे. त्यात अनुचित काय, हे आम्हांस अद्यापि कोणी सांगितलेले नाही. परंतु गाणे सोज्ज्वळ ठरले म्हणूनच ते गावे असेही आमचे म्हणणे नाही. अंगाई बांधणारा हात आणि शीळ घालणारा हात निरनिराळे काढता येत नाहीत. एक घ्यावयाचा आणि दुसरा नाकारावयाचा, हा व्यवहार आम्हांस मान्य नाही.

'अलबेला'च पाहा. बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांच्या गजरात भगवान आणि गीता बाली नाचतात. आणि त्याच चित्रपटात ती अंगाई आहे. पिलूच्या छायेतील तिची चाल इतकी साधी, की कोणत्याही आईस ती म्हणता यावी. दोन वर्षांनी, १९५३ साली, 'अनारकली' आला. काम आरंभी वसंत प्रकाश यांजकडे होते, त्यांचे एक गीत चित्रपटात राहिलेही. बाकीचे संगीत चितळकरांचे. लताबाईंच्या आवाजातील त्यातील गीतांनी हिंदुस्थान भरून गेला. बागेश्री हा चितळकरांचा जीव की प्राण. 'अनारकली'त हेमंतकुमार आणि लताबाई यांचे युगुलगीत त्यांनी त्या रागात बांधले, आणि १९५५ च्या 'आझाद'मध्ये राधेच्या रुसव्याचे गीतही. दोन्ही एकापाठोपाठ एक ऐकावीत. पहिल्यात तोच राग रात्रीच्या वेदनेसारखा पसरतो, दुसऱ्यात तो पावलांवर थिरकतो. रागाचे व्याकरण ज्याच्या अंगी मुरले आहे त्यासच हे साधते.

'आझाद'ची गोष्ट प्रसिद्ध आहे. कोइमतूरच्या पक्षिराज स्टुडिओचे श्रीरामुलू नायडू यांना साऱ्या गाण्यांच्या चाली महिन्याच्या आत हव्या होत्या. नौशादांनी, हे काही दुकान नव्हे, अशा अर्थाचे उत्तर देऊन नकार दिला. चितळकरांनी होकार दिला आणि मुदतीत काम पुरे केले, असे सांगतात. नौशादांचा बाणा थोर खरा. पण मागणी आली की माल तयार करून देणारा कसबी कारागीर आम्हांस अधिक जवळचा वाटतो, आणि या सभेत बसलेल्या अनेक धंदेवाल्यांसही वाटेल.

१९५३ पासून त्यांनी 'न्यू साई प्रॉडक्शन्स' या संस्थेतर्फे 'झांझर', 'लहरें', 'दुनिया गोल है' असे चित्रपट काढले. संगीतकारास जे यश मिळाले ते निर्मात्यास मिळाले नाही. त्या दशकाच्या अखेरीस लताबाई आणि त्यांचे एकत्र काम थांबले. याविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. आम्ही त्यात पडत नाही. १९५९ साली व्ही. शांताराम यांच्या 'नवरंग'ची गाणी आशाबाई आणि महेंद्र कपूर यांच्या कंठातून गाजली. त्यानंतर मात्र ओहोटी लागली. नवे संगीतकार आले, वाद्यवृंद मोठे झाले, आणि ज्यांनी हा नवा ठेका आणला त्यांच्या दारी कामे कमी येऊ लागली.

अशा पडत्या काळात, १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, कवी प्रदीप यांनी ते गीत लिहिले. त्याचे नाव सांगण्याचीही गरज नाही. ते आशाबाईंनी गावे असे आरंभी घाटत होते असे सांगतात. शेवटी जानेवारी १९६३ मध्ये, प्रजासत्ताकदिनाच्या निमित्ताने नवी दिल्लीत, राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंडित नेहरू यांच्या उपस्थितीत ते लताबाईंनी गायिले. नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आले ही हकीकत घरोघर माहीत आहे. युद्धगीत म्हटले की नगारे, तुताऱ्या, आवेश. येथे यातले काहीच नाही. आरंभी ठेक्याशिवाय सावकाश शब्द येतात, मग चाल चालू लागते, आणि ती शोक करणाऱ्या माणसाच्या आवाजापेक्षा वर चढावयाचे नाकारते. शीळ आणि सॅक्सोफोन हाताळलेल्या मनुष्याने येथे काय काय गाळले हे ऐकावे. ज्यास भरणे येते त्यासच गाळणे येते. आज हे गीत शाळाशाळांतून होते. गाणाऱ्या बाईंचे नाव मुलांस येते, नेहरूंच्या अश्रूंची गोष्ट येते, क्वचित कवीचेही नाव येते. पुणतांब्यापासून कोसावरच्या शाळेत विचारले तरी चाल कोणाची हे सांगता येईल असा भरवसा आम्हांस वाटत नाही.

उत्तरायुष्यात ते मराठीकडे वळले. 'धनंजय' (१९६६) आणि 'घरकुल' (१९७०) हे चित्रपट त्यांनी काढले, त्यांत भूमिकाही केल्या. 'घरकुल'ची गाणी आजही कानी पडतात. आईबाप आणि मुले यांचे त्यातील गीत तर बारशापासून वाढदिवसापर्यंत सर्वत्र चालते, आणि त्यास मात्र कोणी अनुचित म्हणत नाही. गदिमांच्या 'गीतगोपाल'ला त्यांनी चाली दिल्या. १९७७ साली 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईस ते निवर्तले. चौसष्टावा वाढदिवस एका आठवड्यावर आला होता.

मंडळाच्या वाचनालयाने ते आत्मचरित्र मिळवावे अशी आमची विनंती आहे. तसेच ज्या कुटुंबांत त्या काळच्या लाखेच्या ध्वनिमुद्रिका माळ्यावर पडून असतील, त्यांनी त्या रद्दीवाल्यास न देता चिटणिसांकडे आणून द्याव्यात. नवीन यंत्रावर उतरवून घेऊन मूळ प्रती ज्यांच्या त्यांस परत केल्या जातील. तबकडीवर गायक म्हणून 'चितळकर' असे नाव असेल तर ती कापडात गुंडाळून आणावी. या तबकड्या फार ठिसूळ असतात. आणि समितीची हरकत नसेल तर आता मुलांनी तिन्ही गाणी म्हणावीत.