पावसाळ्यात पायमशीन जपू या

आज आपण आपल्या पायमशीनविषयी बोलणार आहोत.

आपल्या पेठ तालुक्यात भात-नागलीची पेरणी आणि शाळेच्या कपड्यांची शिलाई एकाच वेळी येते. त्याच दिवसांत दमट हवेने मशीन जड होते. ते बंद पडले तर डोके पोत्यात बांधून एसटीने नाशिकला न्यायचे. भाडे जाते, मजुरी बुडते, आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाते.

2024 च्या शाळावर्षात सरकारी शाळांचे गणवेश शिवण्याचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे आले होते. पुढच्या वर्षी गणवेशाचा कारभार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेला. म्हणजे आता काम मागायला आपणच शाळेत जायचे. मग आपले मशीन चालू स्थितीत हवे.

आधी साफसफाई. सुईखालची पत्री उघडा. दातऱ्यांमध्ये कापडाचा कोंडा साचतो, तो जुन्या दातघासणीच्या ब्रशने काढा. बॉबिनची डबी काढून तिथलाही कोंडा आणि दोऱ्याचे तुकडे काढा. टाका सुटतो किंवा कापड पुढे सरकत नाही, तेव्हा बरेचदा हाच कोंडा कारण असतो.

मग तेल. मशीनचेच पातळ तेल घाला. खोबरेल किंवा गोडे तेल घालू नका; ते काही दिवसांनी चिकट होते आणि मशीन आणखी जड होते. प्रत्येक भोकात एकच थेंब पुरे. खाली पायडलच्या आणि मोठ्या चाकाच्या सांध्यांनाही थेंबभर तेल द्या. दोरा काढून, फूट वर करून मशीन थोडा वेळ चालवा. नंतर चिंधीवर शिवून जास्तीचे तेल निघू द्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या कापडाला डाग पडणार नाही. रोज दिवसभर शिवत असाल तर रोज तेल द्या.

मशीन बरेच दिवस बंद राहून घट्ट झाले असेल, तर तेलाच्या भोकांत रॉकेलचा थेंब सोडून चाक फिरवा, जुना चिकटा पुसा, मग तेल घाला. हे काम चुलीपासून आणि दिव्यापासून लांब करा.

चामड्याचा पट्टा वापराने आणि ओलीने सैल होतो. पाय चालतो पण चाक घसरते, हीच त्याची खूण. टोकाची तार काढा, पट्टा अर्ध्या बोटाइतकाच कापा, नवे भोक पाडून तार परत लावा. फार ताणलात तर पायडल जड होते आणि पोटऱ्या दुखतात. पट्ट्याला तेल लागू देऊ नका.

सुई बोथट झाली की बदला. साध्या सुती कापडाला 14 नंबर, जाड कापडाला 16 नंबर. जुनी सुई काढताना तिची लांब खाच कोणत्या बाजूला आहे ते बघून ठेवा. दोरा त्याच बाजूने ओवायचा. सुरुवात करताना वरचे चाक हाताने आपल्याकडे फिरवा. उलटे फिरले की खाली दोरा गुंततो.

मशीन मातीच्या भिंतीला टेकवू नका. पायांखाली फळीचे तुकडे द्या. वर सुती कापड झाका. प्लॅस्टिकच्या आत ओल कोंडते आणि गंज चढतो. घर गळत असेल तरच रात्रीपुरते प्लॅस्टिक टाका.

आता गटाच्या मशीनचे. ते सगळ्यांचे असते, म्हणून तेल घालायचे कुणाचेच राहत नाही. मशीनजवळ एक वही ठेवा. तेल कुणी घातले, सुई कधी बदलली, हे तारखेसह लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी खूण करावी. शिलाईच्या प्रत्येक कामातून थोडे पैसे तेल, सुया आणि पट्ट्यासाठी बाजूला काढा, आणि हा हिशोब महिन्याच्या बैठकीत मांडा.

येत्या बैठकीत ब्रश आणि तेलाची बाटली घेऊन बसा. एकीने उघडावे, बाकीच्यांनी बघावे, पुढच्या वेळी दुसरीने उघडावे. गटातल्या प्रत्येकीला हे हाताने करता आले पाहिजे.