मिटणारा पंखा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



घाट उतरल्याशिवाय पुणेकराला समुद्र दिसत नाही. तरीही शिडाची बोट आपल्याला अगदीच परकी नाही. खडकवासल्याच्या जलाशयात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र वाऱ्यावर बोट हाकायला शिकतात. पण धरणाचं पाणी गोडं. खाऱ्या पाण्यात बोट उभी केली, की काही आठवड्यांत तिच्या पोटाला एक अख्खं गाव वसतं. या गावाचा सर्वाधिक त्रास होतो तो बोटीच्या एका लहानशा भागाला. तो भाग म्हणजे मिटणारा पंखा.

पंखा म्हणजे प्रॉपेलर. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात आमच्या नात्यातली काही मच्छीमार घरं आहेत. तिथं ‘प्रॉपेलर’ कुणी म्हणत नाही, ‘पंखा’च म्हणतात. त्यांच्या बोटीचा पंखा एकसंध ओतलेला असतो. बोट इंजिनावर चालते, त्यामुळे हंगामात पंखा सतत फिरता राहतो. त्यांचा अनुभव असा, की फिरत्या पंख्याला समुद्र फारसा धरत नाही. बोट बंदरात पडून राहिली की मात्र धरतो.

शिडाच्या बोटीचं गणित वेगळं. वारा असेल तेव्हा इंजिन बंद. मग पाण्यात नुसताच उभा असलेला पंखा बोटीला मागं ओढतो. यावर उपाय म्हणून पाती बिजागरीवर बसवली गेली. इंजिन बंद असताना वाहत्या पाण्याच्या दाबानं ती कळीसारखी मिटतात. इंजिन सुरू होऊन दांडा फिरू लागला, की त्या फिरण्याच्याच जोरानं बाहेर फेकली जाऊन उघडतात. दोन्ही पाती बरोबरीनं उघडावीत म्हणून अनेक पंख्यांत त्यांच्या मुळाशी एकमेकांत अडकणारे दातेही असतात. युक्ती सुंदर आहे. पण जिथं हालचाल आहे तिथं सांधा आहे, आणि सांधा हीच समुद्राची आवडती जागा.

धातू पाण्यात गेला की आधी त्यावर अदृश्य असा बुळबुळीत थर चढतो. मग जिवाणू, मग शेवाळ, आणि मागोमाग बार्नॅकल. हा शंखासारखा दिसणारा जीव खरं तर खेकडा आणि कोळंबीच्या नात्यातला. चार्ल्स डार्विननं १८४६ पासून आठ वर्षं याच प्राण्याचा अभ्यास केला. लहानपणी तो पाण्यात तरंगतो. मग जागा शोधतो, चाचपून पाहतो आणि पसंत पडली की डोक्याच्या बाजूनं स्वतःला चिकटवून घेतो. त्यानंतर आयुष्यभर तिथंच. भोवती चुन्याचं घर बांधतो आणि पाय हलवून अन्न तोंडात ओढतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला घर हवं असतं, ते आपण बांधून दिलेलं असतं.

पण हे घर बिजागरीत झालं तर? शिडाच्या बोटीला इंजिनाची खरी गरज लागते ती बंदराच्या तोंडाशी. वारा पडलेला, भरती-ओहोटीची ओढ, जवळ खडक. अशा वेळी इंजिन गुरगुरतं आणि बोट हलत नाही, कारण पाती उघडलेलीच नसतात. एक उघडलं आणि दुसरं अर्धवट अडकलं, तर त्याहून वाईट. तोल गेलेला पंखा सगळी बोट हादरवतो, दांड्याच्या आधारांवर ताण येतो. सांधा मोकळा असला, तरी खडबडीत झालेली पाती पाणी नीट कापत नाहीत. इंजिन तापतं, डिझेल जळतं आणि बोट रांगते.

कुणी म्हणेल, पंखा कांस्याचा असतो, त्यात तांबं असतं आणि तांबं या जीवांना सोसत नाही. बरोबर आहे. पण पंख्याचा धातू गंजू नये म्हणून त्याला जस्ताचा तुकडा जोडलेला असतो. हे जस्त स्वतः झिजतं आणि पंख्याला वाचवतं. पंखा झिजत नाही म्हणजे त्यातलं तांबंही पाण्यात उतरत नाही, आणि बार्नॅकलला रान मोकळं मिळतं. म्हणून जस्त काढून टाकायचं का? मुळीच नाही. त्याला रंगही फासायचा नाही; रंगवलेलं जस्त काम करत नाही.

मग करायचं काय? पहिला उपाय साधा: पंखा घासून आरशासारखा गुळगुळीत ठेवायचा. जीव बसतात, पण पकड कच्ची राहते. दुसरा, त्यावर सिलिकॉनचा निसरडा लेप द्यायचा. यात विष नसतं. पंखा फिरला की चिकटलेलं घसरून पडतं. मात्र धातू अगदी स्वच्छ केल्याशिवाय हा लेप टिकत नाही. बोटीच्या तळाचा नेहमीचा तांबंयुक्त रंग इथं चालत नाही. फिरत्या पात्यावरून तो निघून जातो, आणि जवळपास ॲल्युमिनियमचा भाग असेल तर तो भाग कुरतडला जातो. तिसरा उपाय, सांध्यात पाण्यात न विरघळणारं ग्रीस भरायचं. बोट बरेच दिवस उभी राहणार असेल, तर काही जण पंख्याला पिशवी बांधतात. आतल्या साचलेल्या पाण्यात प्राणवायू संपतो आणि जीव तग धरत नाहीत. मात्र इंजिनाच्या चावीला ‘पिशवी काढा’ अशी चिठ्ठी बांधायला विसरू नये.

आणि विष? तेही करून झालं. ट्रायब्युटिल टिन नावाचं रसायन घातलेले रंग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर वापरले गेले. बोटी स्वच्छ राहिल्या. पण फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरातली कालवं वेडीवाकडी वाढू लागली, कालवांचा धंदा बसला. समुद्रातल्या शंखांच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले. फ्रान्सनं १९८२ मध्ये लहान बोटींवर या रंगाला बंदी घातली. आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून लागू झाला. आपल्या बोटीचं पोट साफ ठेवण्यासाठी दुसऱ्याच्या पोटावर पाय देणं अखेर जगाला परवडलं नाही.

आपल्याकडेही आता शिडाच्या बोटीनं जग पालथं घालणारे आहेत. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि चार बंदरं घेत १९ मे २०१० रोजी परतले. मांडवीचं दुसरं नाव म्हादई. बोटीला नाव तिचंच. पावसाळ्यात या नदीत इतकं गोडं पाणी उतरतं, की दिवाडीजवळ खारेपणा जवळजवळ उरत नाही आणि खाऱ्या पाण्यातले बरेच जीव मरतात. ही सफाई निसर्ग फुकट करतो. भर समुद्रात मात्र ती सोय नाही. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत विजेता २१२ दिवसांत पोहोचला. फिनलंडच्या तापियो लेहतिनेन यांना ३२२ दिवस लागले. त्यांच्या बोटीचा तळ बार्नॅकलनी भरून गेला होता.

सगळे लेप, ग्रीस आणि पिशव्या यांच्यावर एकच खात्रीचा उपाय उरतो, तो म्हणजे लक्ष. बोट उभी असली, तरी आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करून पंखा थोडा पुढं, थोडा मागं फिरवावा. मधूनमधून पाण्याखाली जाऊन सांधा पाहावा आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं तो खरवडावा, लोखंडानं नको. खिळ मोकळी आहे ना, पाती हातानं पूर्ण उघडतात-मिटतात ना, हे तपासावं. पाती मुकाट्यानं मिटलेली असतात, तक्रार करत नाहीत. म्हणूनच त्यांची चौकशी आपण बंदर सोडण्याआधी करायची. परत येताना खडकांपाशी ती करायला वेळ नसतो.