कर इथला, तर माणूसही इथलाच

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)



अमेरिकेत बहुतेक राज्ये आपापला प्राप्तिकर वसूल करतात. न्यू जर्सीत राहून न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणाऱ्याला तिथल्या पगारावर न्यूयॉर्क राज्याचा कर द्यावा लागतो. आपल्या राज्यघटनेने शेतीबाहेरील उत्पन्नावरचा प्राप्तिकर केंद्राकडे सोपविला. परंतु कलम २७६ अन्वये नोकरीधंद्यावर व्यवसाय कर बसविण्याचा अधिकार राज्यांकडे राहिला. हा कर माणसाचे मूळ गाव विचारीत नाही. तो काम कोठे करतो, एवढेच पाहतो.

महाराष्ट्रात हा कर १९७५ साली आला, तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातील पगारदाराने दुष्काळी भागातील मजुराच्या कामाचा भार उचलावा, हा त्यामागील विचार होता. आज चाकणच्या कारखान्यात उत्तर प्रदेशातून आलेला कामगार महिना दहा हजारांहून अधिक मिळवू लागला, की त्याच्या वेतनातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. ही रक्कम महाराष्ट्राच्या तिजोरीत जमा होते. मग त्याला ‘परप्रांतीयांचा बोजा’ कोणत्या तोंडाने म्हणायचे?

या करातील खरा अन्याय निराळाच आहे. घटनेने घातलेली वार्षिक मर्यादा १९८८ च्या साठाव्या दुरुस्तीने २५० वरून २,५०० रुपये झाली. ती आजही तेवढीच आहे. परिणामी महिना अकरा हजार मिळविणारा कामगार आणि महिना अकरा लाख घेणारा संचालक दोघेही वर्षाला २,५०० रुपयेच भरतात. एकाच्या मिळकतीचा तो जवळजवळ दोन टक्के हिस्सा आहे. दुसऱ्याच्या हिशेबात तो दिसतही नाही. स्थानिक आणि उपरे यांच्या भांडणात ही विषमता सुखाने झाकली जाते.

म्हणून आपली मागणी दुहेरी असली पाहिजे. मर्यादा वाढवून कर मिळकतीच्या प्रमाणात चढता करावा. आणि जेथे घाम व कर दोन्ही दिले जातात, तेथे कामगाराला नागरिकाचा मानही मिळावा. मतदारयादीत नाव नोंदविण्यासाठी कायदा सामान्य वास्तव्य पाहतो, जन्मगाव पाहत नाही. तेव्हा कार्यकर्त्यांनी वस्त्यांत जावे, वेतनचिठ्ठीतील कपात कामगारांना समजावून द्यावी आणि त्यांची नावे यादीत येतील असे पाहावे. कर देणारे हात मत देऊ लागले, की तिजोरीचा हिशेब मागण्याचे बळ त्यांना आपोआप येईल.