एकटी का जातेस?

(पुण्यातल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय.)



मी मुंबईच्या गोदीत माल उचलणारा माणूस. मॅट्रिक पास. मला भाषण जमत नाही. कविता जमते असं काही लोक म्हणतात, मुकादम म्हणत नाही. आज कविता नाही. आज माझ्या धाकट्या बहिणीबद्दल बोलायचंय. नाव घेणार नाही. तिनं बजावलंय, 'दादा, माझं भांडवल करू नकोस.'

ती इथं ताडीवाला रोडला मावशीकडं राहते. रात्रपाळीत कॉम्प्युटरवर बसते. चार वर्षं पगारातनं पैसे बाजूला टाकले आणि एक दिवस सांगितलं, लंडन, पॅरिस आणि बॉनला चाललेय. सोळा दिवस. एकटी.

मी पहिला प्रश्न काय विचारला? 'एकटी का?' मी! बाईच्या मुक्तीवर तीन कविता छापलेला मी. ती काही बोलली नाही, नुसतं बघितलं. ते बघणं मला पेटी पायावर पडल्यागत लागलं.

नंतर कळलं, हा प्रश्न माझा नव्हताच. तो १८८३ चा आहे, आणि या पुण्याच्या लेकीलाच विचारलेला आहे. आनंदीबाई जोशी. जन्म १८६५, पुणे. नवव्या वर्षी लग्न. पोर झालं, दहा दिवसांत गेलं. अमेरिकेत डॉक्टरी शिकायला जायचं ठरवलं तेव्हा नवरा पोस्टातल्या नोकरीवर बंगालात. तिथं सेरामपूरला २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तिला जाहीर सभेत उभं राहून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागली. कशाला जातेस, हिंदुस्थानात शिकता येत नाही का, एकटी का जातेस, जात वाळीत टाकेल त्याचं काय. अठरा वर्षंसुद्धा पुरी न झालेली पोर! उत्तरं दिली. पण त्यात एक हमी द्यावी लागली, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली, ४ जूनला न्यूयॉर्क. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या कॉलेजातनं डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला इथंच पुण्यात मेली. मी तिच्यावर टीका करणार नाही. माझा राग त्या हमीवर आहे. बाईनं दर्या ओलांडायचा तर जातीकडं जामीन ठेवून जायचं!

त्याच १८८३ मध्ये पंडिता रमाबाई निघाली. विधवा, कडेवर लहान मुलगी. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक विकून बोटीच्या भाड्याला पैसे उभे केले. इंग्लंडात गेली आणि ख्रिस्ती झाली, म्हणजे हमीबिमीचा प्रश्नच मिटवला. पुण्यातले विद्वान पेटले. तिच्या बाजूनं कोण उभा राहिला? जोतीराव फुले. १८८५ च्या 'सत्सार'मध्ये. हे आपल्या पोरांनी पाठ करून ठेवावं. मग १८८६ पासून ती अमेरिकेत गावोगाव व्याख्यानं देत फिरली. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला तिच्या कामासाठी मंडळ उभं राहिलं. परतताना सॅन फ्रान्सिस्को, जपान, हाँगकाँग. आल्यावर १८८९ मध्ये अमेरिकेच्या लोकस्थितीवर आणि प्रवासावर मराठीत पुस्तक लिहिलं. शाळेत आम्हाला यातलं काही नव्हतं.

आणि आपली? याच पुण्यात फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे, मांगाची चौदा वर्षांची पोर. १८५५ मध्ये मांगमहारांच्या दुःखावर 'ज्ञानोदया'त निबंध लिहून गेली. पुढं तिचं काय झालं याची नोंद कुणी ठेवली नाही. तिला बोट सोडा, पुढचं पानसुद्धा मिळालं नाही.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले, बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. ती संपली म्हणून लंडनचं शिक्षण १९१७ मध्ये अर्धवट टाकून परत यावं लागलं. १९२० ला पुन्हा गेले ते स्वतःच्या पगाराची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडचं कर्ज घेऊन. इकडं रमाई परळच्या चाळीत. आपण घराघरात सुटाबुटातला फोटो लावतो, 'शिका' म्हणून ओरडतो. पण पोरगी तिकीट काढते म्हटल्यावर आपल्या पोटातला मनू जागा होतो. नाक्यावरची आपलीच पोरं, निळा झेंडा खांद्यावर घेणारी, मला म्हणाली, 'कुणाबरोबर चाललीय रे?' सवर्ण काय म्हणतील ते मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

मी सुचवलं, बायकांच्या सहली नेणाऱ्या कंपन्या असतात, त्यांच्याबरोबर जा. ती म्हणाली, 'त्यांच्या गाडीला लंडनच्या दहा किंग हेन्रीज रोडवर किती वेळ थांबा असतो?' मी गप्प. बाबासाहेब १९२१-२२ ला राहिले ते घर. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. तिला तिथं पाहिजे तेवढा वेळ उभं राहायचंय. आणि बॉनला, जिथल्या विद्यापीठात ते शिकायला गेले होते, तिथं आठवडाभर नुसतं भटकायचंय.

तिची वही बघितली मी. गोदीत लोडिंगचा नकाशा असतो ना, कुठली पेटी कुठं, तसं. लंडन सहा रात्री, पॅरिस तीन, बॉन सहा. लंडनहून पॅरिस आगगाडीनं, समुद्राखालच्या बोगद्यातनं. पॅरिसहून कोलोन, तिथनं बॉन अर्ध्या तासावर. परतीचं विमान फ्रँकफुर्टहून. इंग्लंडचा व्हिसा वेगळा. फ्रान्स-जर्मनीला एकच शेंगेन व्हिसा, आणि जिथं जास्त रात्री मुक्काम त्या देशाकडं अर्ज, म्हणून जर्मनीकडं. फी ९० युरो. किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा. उतरायला फक्त बायकांची खोली, आणि कुठल्याही नव्या गावात अंधार पडायच्या आत पोचायचं. पैसे तीन ठिकाणी. कागदांची एक प्रत माझ्याकडं.

पासपोर्टाला १५०० रुपये आणि मुंढव्याच्या केंद्रात एक सकाळ. २०१६ च्या डिसेंबरपासून आई किंवा बाप, एकाचं नाव पुरतं, हे बऱ्याच पोरींना माहीत नाही. पडताळणीला आलेल्या शिपायानं विचारलं, 'सोबत कोण?' मावशी म्हणाली, 'तिची अक्कल.'

आणि मॅट्रिक नसलेल्यांचं ऐका. त्यांच्या पासपोर्टावर 'इसीआर' शिक्का बसतो. अठरा देशांत कामाला जायचं तर सरकारची परवानगी पाहिजे, आणि तीस वर्षांखालच्या बाईला ती मिळत नाही. माझ्या सर्टिफिकेटाची किंमत मला असल्या कागदावरनं कळली.

व्हिसासाठी परत येशील याचा पुरावा मागतात. नोकरीचं पत्र, रजेचं पत्र, बँकेचा हिशोब, घरदार. घरदार! आमच्याकडं झोपडीचा फोटोपास. तिनं तोच भाषांतर करून जोडला. मला हसू आलं, मग ती सेरामपूरची सभा आठवली. जामीन अजून द्यावा लागतोच, फक्त मागणारे बदलले.

ज्या पोरींना शिकायला जायचंय त्यांनी चर्च पथावरच्या समाजकल्याण आयुक्तालयात चौकशी करावी. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीच्या जागा ७५. केंद्राची वेगळी आहे, त्यात ३० टक्के जागा मुलींच्या. फॉर्म भरायला माझी बहीण मदत करते. परत आल्यावर.

मी पेट्यांवर कितीतरी देशांची नावं वाचलीत, एकही बघितला नाही. त्याचं दुःख करायला आलो नाही. इंग्लंडचा व्हिसा आलाय. शेंगेनचा यायचाय, तोपर्यंत मावशीसुद्धा पोस्टमनकडं डोळे लावून बसलीय. आला की विमान पहाटेचं. मी त्या रात्रीची पाळी बदलून घेणार आणि सहारला सोडायला जाणार. तिच्या तीन अटी आहेत. हार आणायचा नाही, घोषणा द्यायच्या नाहीत, गेटवर रडायचं नाही. पहिल्या दोन पाळीन म्हणालोय.