रेषेबाहेरच्या आम्ही

आज बोलायला आम्ही पाचजणी आलो आहोत. माइकसमोर एकच बसली आहे, पण हा कागद पाचजणींनी मिळून लिहिलाय. एकीच्या ओट्यावर, दोन संध्याकाळी, शेंगा सोलता सोलता.

आमची ओळख सांगायची तर आम्ही रग्बी खेळणाऱ्या मुलींच्या आया. ऐकून हसू आलं असेल तर हसा. चार वर्षांपूर्वी आम्हालाही हसूच आलं होतं. शाळेतल्या सरांनी एक लांबुडका, अंड्यासारखा चेंडू आणला आणि आमच्या पोरी तो पोटाशी धरून धावायला लागल्या. गुडघे फुटायला लागले, फ्रॉक जाऊन चड्ड्या आल्या आणि एकीच्या सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत.

खेळ थोडक्यात सांगतो. चेंडू हातात घेऊन पुढे पळायचं, पण हाताने द्यायचा तो मात्र बाजूला किंवा मागेच. चेंडूवालीला धरून खाली पाडता येतं, त्याला टॅकल म्हणतात. समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे 5 गुण. मग खांबांमधून चेंडू लाथाडायची संधी मिळते, ती साधली की आणखी 2. मोठा खेळ 15 जणांचा आणि 80 मिनिटांचा. आमच्या मुली खेळतात तो सातजणींचा, सात-सात मिनिटांचे दोन डाव. ऑलिंपिकमध्ये 2016 पासून आहे तो हाच.

पण आज आम्ही खेळाबद्दल बोलायला आलो नाही. रेषेच्या बाहेर उभं राहून आम्ही काय केलं, ते सांगायला आलोय.

मागच्या हिवाळ्यात जिल्ह्याचे सामने होते. आम्ही डबे घेऊन, टेम्पो करून गेलो. सामना अटीतटीचा. समोरच्यांचे 12, आमचे 10, आणि दोनच मिनिटं उरलेली. आमची एक मुलगी चेंडू घेऊन सुटली. समोरच्या मुलीने तिला कमरेत धरून पाडलं, अगदी नियमात. पण पडताना आमचीचं डोकं जमिनीवर आपटलं. ती लगेच उठली नाही. उठली तेव्हा दोन पावलं तिरकी टाकली.

आणि आम्ही काय केलं? ओरडलो. "ऊठ गं, काही नाही झालं! दोनच मिनिटं राहिलीत! रडतेस काय!" यात सगळ्यात मोठा आवाज तिच्या आईचा होता. ती आई आत्ता इथे आमच्या शेजारीच बसली आहे. हे सांगा, गाळू नका, असं तिनेच बजावलंय.

पंच म्हणून एक तरुण मुलगी होती, बावीस-तेवीस वर्षांची. तिने शिट्टी वाजवली, आमच्या मुलीच्या डोळ्यांत पाहिलं, दोन प्रश्न विचारले आणि तिला मैदानाबाहेर पाठवलं. आमची सगळ्यात जोरात पळणारी पोर बाहेर. आम्ही भडकलो. "पंच त्यांच्याकडची आहे" इथपासून सुरुवात झाली. "चष्मा लाव" झालं. आणि मग आमच्यातूनच आवाज गेला, "घरी जाऊन पोळ्या लाट!"

मैत्रिणींनो, हे वाक्य आमच्या मुलींनी खेळायला सुरुवात केली तेव्हा आम्ही गावभर ऐकलं होतं. त्यावरून भांडलो होतो. आणि तेच आम्ही दुसऱ्या एका मुलीच्या तोंडावर फेकलं. आजूबाजूचे लोक हसले, तेव्हा आम्हाला बरंही वाटलं. हे सांगताना आज लाज वाटते.

सामना हरलो. आमच्या पोरींनी दोन रांगा करून, टाळ्या वाजवत समोरच्या मुलींना मधून जाऊ दिलं. मग त्यांनी आमच्या मुलींसाठी तसंच केलं. रग्बीत ही रीत आहे. आम्ही मात्र पाठ फिरवून डबे भरत होतो.

परतताना टेम्पोत त्या मुलीला दोनदा उलटी झाली. "आपण जिंकलो का?" हा प्रश्न तिने तीनदा विचारला. तीनदा उत्तर दिलं, तिच्या लक्षात राहिलं नाही. टेम्पो तसाच दवाखान्याकडे वळवला. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हादरा बसलाय, कन्कशन म्हणतात त्याला. पडल्यावर पुन्हा खेळली का, हे त्यांनी पहिलं विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, फार चांगलं झालं. पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला, तर कोवळ्या वयात मेंदूला सूज येऊन जिवावरही बेतू शकतं. क्वचित होतं, पण होतं.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही पाचजणी गप्प बसलो होतो. ज्या पंचाला आम्ही शिव्या घातल्या, तिने आमची पोर वाचवली होती. आणि तिला पुन्हा आत ढकलायला निघालेल्या आम्हीच होतो.

दुसऱ्या दिवशी मुली आमच्याकडे आल्या. त्यांच्या कर्णधार मुलीने सांगितलं, "पुढच्या सामन्याला तुम्ही येऊ नका." रागाने नाही, शांतपणे सांगितलं. तेच जास्त लागलं.

मग आम्ही सरांकडे गेलो. म्हटलं, बघायचं कसं ते आम्हाला शिकवा. सर आधी हसले, मग चटई टाकून बसवलं आणि पुष्कळ काही सांगितलं. त्यातलं थोडं तुम्हालाही सांगतो.

आयर्लंडमध्ये लिमरिक नावाचं शहर आहे. तिथल्या थॉमंड पार्क मैदानावर मन्स्टर हा संघ खेळतो. 31 ऑक्टोबर 1978 ला या संघाने न्यूझीलंडच्या बलाढ्य ऑल ब्लॅक्सना 12-0 असं हरवलं. आजही तिथे त्या दिवसाच्या गोष्टी सांगतात. पण त्या मैदानाची खरी ख्याती आणखी एका गोष्टीची आहे. खांबांमधून चेंडू मारायला खेळाडू उभा राहिला की सगळं मैदान चिडीचूप होतं. आपला असो की परका. हजारो माणसं, आणि टाचणी पडली तर ऐकू यावी. त्याला त्याचं काम करू द्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. जोरकस गाणी म्हणणारी माणसंच ती, पण कधी थांबायचं ते त्यांना कळतं.

दुसरी गोष्ट त्याच देशातली, डब्लिनची. 1972 साली आयर्लंडमध्ये इतकी अशांतता होती, की स्कॉटलंड आणि वेल्सचे संघ तिथे खेळायला गेलेच नाहीत. 1973 मध्ये इंग्लंडची पाळी आली. इंग्रजांवर तर तिथल्या लोकांचा राग जुना आणि खोल. तरीही इंग्लंडचा संघ आला. ते मैदानात उतरले तेव्हा आयरिश प्रेक्षक उभे राहिले आणि जवळजवळ पाच मिनिटं टाळ्या वाजवत राहिले. मग सामना झाला आणि आयर्लंडने तो 18-9 असा जिंकला. म्हणजे पाहुण्यांचा मानही राखला आणि त्यांना हरवलंही. दोन्ही एकाच दुपारी जमतं, हे आम्हाला नवीन होतं.

सर म्हणाले, रग्बीच्या मोठ्या सामन्यांत दोन्ही बाजूंचे लोक बहुतेक वेळा एकमेकांत मिसळून बसतात. वेगळे कोंडवाडे लागत नाहीत. मैदानावर पंचाशी बोलायचं ते कर्णधाराने, आणि तेही आदबीने. सहा-सहा फुटी गडी पंचाला "सर" म्हणतात. खेळाडू एवढं पाळतात, मग बाहेर उभ्या राहणाऱ्यांनी का सोडावं?

पण रग्बीचे लोक म्हणजे सगळे संत, असंही नाही. सरांनी तेही लपवलं नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये फ्रान्समध्ये पुरुषांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. पंच होते वेन बार्न्स. त्यानंतर त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना धमक्या आल्या. थोड्याच दिवसांत त्यांनी शिट्टी खाली ठेवली आणि निवृत्त होताना पंचांना सोसाव्या लागणाऱ्या या छळाबद्दल उघडपणे बोलले. टीव्हीवर बघून निर्णय देणारे त्यांचे साथीदार टॉम फोली यांनीही आंतरराष्ट्रीय सामन्यांतून अंग काढून घेतलं. एवढ्या मोठ्या पंचांची ही गत, तर आमच्या जिल्ह्यातल्या त्या पोरीने काय करावं? असे पंच एकेक करून घरी बसले, तर आपल्या मुलींचे सामने घेणार कोण?

खरं तर ही रीत आपल्याला परकी नाही. कुस्तीच्या फडात हलगी कडाडते, फेटे उडतात, पण पडलेला पैलवान उठला की त्यालाही टाळी मिळते आणि बक्षिसाच्या नोटा त्याच्याही हातात येतात. ते बघत आम्ही वाढलो. फक्त स्वतःची पोर मैदानात उतरली आणि सगळं विसरलो.

मग आम्ही आमचे काही नियम ठरवले. ते वाचून दाखवतो.

रेषेपासून दोन पावलं मागे उभं राहायचं. मुली धावत बाहेर येतात, धडक बसू शकते. खेळ सुरू असताना दुसऱ्यांच्या समोरून ये-जा करायची नाही.

चेंडू खांबांकडे मारताना तोंड बंद. दोन्ही बाजूंसाठी.

आपल्या मुलींचं नाव घेऊन हवं तेवढं ओरडायचं. समोरच्या मुलींबद्दल वाईट एक शब्द नाही. त्यांच्याही आया डबे घेऊन आलेल्या असतात.

पंचाशी बोलायचं नाही. काही चुकलं वाटलं तर सामना संपल्यावर सरांना सांगायचं. सर ठरवतील.

आणि सगळ्यात महत्त्वाचा. मुलगी पडली की "ऊठ" म्हणायचं नाही. काहीच म्हणायचं नाही. डोक्याला लागल्याची नुसती शंका आली, तरी तिने बाहेर यायचं आणि त्या दिवशी परत जायचं नाही. जगभर रग्बीत गावपातळीपासून हाच नियम आहे. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, अंधुक दिसणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, उगाच चिडणं किंवा गप्प होणं, यातलं काहीही दिसलं तर दवाखाना गाठायचा. बेशुद्ध पडायलाच हवं असं नाही. आमची मुलगी क्षणभरही बेशुद्ध पडली नव्हती.

हे नियम म्हणजे हाताची घडी तोंडावर बोट नव्हे. हाँगकाँगला 1976 पासून सातजणांच्या रग्बीची मोठी स्पर्धा भरते. तिथे लोक चित्रविचित्र सोंगं घेऊन येतात, दिवसभर गातात. 27 सप्टेंबर 2025 ला लंडनच्या ट्विकनहॅमवर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. इंग्लंडने कॅनडाला 33-13 असं हरवलं. बघायला 81,885 माणसं होती! बायकांचा खेळ बघायला! आम्ही तो आकडा दोनदा वाचला. आपल्याकडेही भारताच्या मुलींनी 2019 मध्ये सिंगापूरला हरवून पंधराजणींच्या खेळातला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. भारताचं कर्णधारपद सांभाळलेली वाहबिझ भरुचा तर आपल्या पुण्याची. या मुलींना गर्दी हवीच आहे. फक्त ती सोबत करणारी हवी.

पुढे काय झालं ते सांगून थांबतो. आमची मुलगी तीन आठवडे घरी बसली, हळूहळू बरी झाली, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर परत मैदानात गेली. तिच्या आईने त्यानंतर पहिल्या सामन्यात पूर्ण वेळ पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

त्याच मैदानावर ती पंच मुलगी पुन्हा भेटली. आम्ही पाचजणी तिच्याकडे गेलो. माफी मागायची ठरवून गेलो होतो, पण शब्द फुटेनात. शेवटी ती आईच म्हणाली, "बाई, तुझे उपकार आहेत, आणि आमची चूक झाली." ती मुलगी आधी बावरली. मग म्हणाली, "काकू, त्या दिवशी मीही घाबरले होते. एवढं ओरडत होता, की वाटलं जाऊ दे, खेळू द्यावं." जरा थांबून तिने विचारलं, "आता कशी आहे ती?"

आम्ही बोट दाखवलं. आमची पोर लांबवर बुटाच्या नाड्या बांधत होती.

मैत्रिणींनो, "जाऊ दे, खेळू द्यावं" हे तिचं बोलणं आमच्या डोक्यातून जात नाही. आमच्या ओरडण्याने ती इतकी हलली होती. थोडी आणखी हलली असती तर? म्हणून हे सांगायला आलो. तुमची मुलगी कबड्डी खेळत असेल, खो-खो खेळत असेल, मुलगा क्रिकेट खेळत असेल. बाहेर उभं राहून आपण जे ओरडतो, ते आत पोहोचतं.

येत्या रविवारी आमच्या मुलींचा सामना आहे. त्यांनी आम्हाला बोलावलंय. शेंगांची पोळी करून नेणार आहोत, दोन्ही संघांना पुरेल एवढी. आणि पंचालाही.