संक्रांतीचा तीळ आणि आकाशपाळणा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरली की आपल्या सोलापूरच्या होम मैदानावर आकाशपाळणे उभे राहतात. एका वर्षी तिथेच माझ्या एका विद्यार्थ्याने मला गाठले. म्हणाला, "सर, संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, असं आजी म्हणते. पण शाळेला निघताना अंधार उलट वाढलाय. मग दिवस वाढतो कुठे?"

मुलाचे खरे होते आणि आजीचेही. उत्तर समोरच फिरत होते, म्हणून मी त्याला पाळण्याकडे बघायला सांगितले. पाळणा एकाच वेगाने फिरतो, पण आत बसलेल्याची उंची एकाच वेगाने वाढत नाही. तो मध्यावर असताना झपकन वर जातो. अगदी वर किंवा अगदी खाली असला की क्षणभर जागीच थांबल्यासारखा वाटतो. या उंचीचा आलेख काढला की जी लाट उमटते, तीच आपली शाळेतली साइन. मोजणी मध्यापासून सुरू केली तर साइन, माथ्यापासून केली तर कोसाइन, लाट तीच. आर्यभटाने इ.स. 499 मध्ये हिलाच 'ज्या' म्हटले. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. हा शब्द अरबीतून लॅटिनमध्ये जाताना त्याचा अर्थ हरवला आणि तो 'साइन' होऊन आपल्याकडे परत आला. पोरे त्याला उगाच परका समजून घाबरतात.

आता सोलापूरचा दिवस घेऊ. आपल्याकडे सर्वांत मोठा दिवस सुमारे 13 तास 10 मिनिटांचा, 21 जूनच्या आसपास. सर्वांत लहान 11 तास 4 मिनिटांचा, 21-22 डिसेंबरला. मध्य निघतो 12 तास 7 मिनिटे, म्हणजे लाट मध्यापासून 63 मिनिटे वर जाते आणि तितकीच खाली येते. वर्षाचे 365 दिवस आणि वर्तुळाचे 360 अंश, तेव्हा दिवसाला साधारण एक अंश धरा. 21 मार्चपासून मोजलेल्या अंशांची साइन घ्या, तिला 63 ने गुणा आणि 12 तास 7 मिनिटांत मिळवा. 21 एप्रिलला जवळजवळ 30 अंश होतात. 30 अंशांची साइन अर्धी, म्हणून दिवस 12 तास 38 मिनिटांचा. प्रत्यक्षात मिनिटभराचा फरक पडतो, इतकेच. गंमत अशी, की मार्च ते जून या तीन महिन्यांत दिवस 63 मिनिटांनी वाढतो खरा, पण पहिल्या महिन्यात सुमारे 32, दुसऱ्यात 23 आणि तिसऱ्यात जेमतेम 8 मिनिटे. पाळणा माथ्याशी आला, दुसरे काय!

संक्रांतीला आपण त्याच्या तळाशी असतो. 14 जानेवारीपर्यंत दिवस वाढलेला असतो फक्त पाचेक मिनिटांनी, आणि त्या सुमारास रोज अर्ध्या मिनिटाहूनही कमी. आजीचा तीळ अगदी मापाचा आहे. मग सकाळचा अंधार? पृथ्वीची कक्षा नेमकी गोल नाही आणि तिचा अक्ष कललेला आहे, त्यामुळे सूर्याची दुपार घड्याळातल्या एकाच वेळेला येत नाही. या दिवसांत ती रोज थोडी पुढे सरकते. 21 डिसेंबर ते 14 जानेवारीत सूर्योदय आठ-नऊ मिनिटांनी लांबतो, सूर्यास्त तेरा-चौदा मिनिटांनी. नफा सगळा संध्याकाळच्या खात्यात. हे सरकणेही दोन लाटांच्या बेरजेने मांडता येते, एक वर्षाची आणि एक सहा महिन्यांची. पंचांगातले सूर्योदय-सूर्यास्ताचे रकाने या ज्या-कोज्यांच्याच गणितातून येतात. दाते पंचांगाच्या या गावात ते सांगायला नकोच.

उन्हाळ्याला मात्र एक लाट पुरत नाही. मे महिन्यात सोलापूर चाळिशी ओलांडते, पावसाळ्यात दुपारचा पारा बत्तिशीच्या आसपास येतो, ऑक्टोबरमध्ये पुन्हा थोडा चढतो आणि डिसेंबरात तिशीपर्यंत उतरतो. वर्षाला दोन उंचवटे. वर्षाच्या लाटेत सहा महिन्यांची लाट मिसळली, की हे ऑक्टोबर हीटचे टेंगूळ आलेखात बरोबर उभे राहते.

इथवर गणित सुखाचे. खरी अडचण पावसाची. जवळच्या गावातले एक शेतकरी एकदा घरी आले. कोणीतरी त्यांना दुष्काळाचे बारा वर्षांचे चक्र सांगितले होते. "गुरुजी, तुमच्या लाटेनं सालं काढून द्या. कर्ज काढून बोअर घ्यायचाय. आत्ता घेऊ का दोन वर्षं थांबू?" मी कागदावर आपल्या भागातल्या मोठ्या दुष्काळांची काही वर्षे लिहिली: 1876, 1896, 1899, 1972, 2003, 2012, 2015, 2018. अंतरे बघा: वीस, तीन, त्र्याहत्तर, एकतीस, नऊ, तीन, तीन. मधली टंचाईची वर्षे धरली तर हिशेब आणखी विस्कटतो. यात बारा कुठे आहे? लाटांवर लाटा चढवून या सगळ्या वर्षांतून जाणारी रेषा मी काढून देऊ शकतो, तेही त्यांना सांगितले. ती मागच्या सालांना तंतोतंत बसेल आणि पुढच्या सालाबद्दल काहीही सांगणार नाही. दिवसाच्या लाटेमागे फिरणारी पृथ्वी आहे. बारा वर्षांच्या चक्रामागे काय आहे, ते सांगणाऱ्याला विचारा. सरासरीने सोलापुरात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो, तेवढे लाटेतून दिसते. पण रब्बी ज्वारी सरासरीवर उगवत नाही, त्या वर्षीच्या ओलीवर उगवते.

पाहुण्यांनी कागद उलटसुलट पाहिला. "म्हणजे हस्त कधी लागणार ते पंचांगात मिळेल, हत्ती पडणार का ते नाही."

"बरोबर," मी म्हटले. सूर्य हस्तात 27 सप्टेंबरच्या सुमारास जातोच, दरवर्षी.

बोअर त्यांनी त्या वर्षी घेतला नाही. आधी विहिरीतले पाणी दर महिन्याला दोरीने मोजून भिंतीवर लिहायला लागले.