माळावरची काळविटे आणि आपली रब्बी
(मांजरसुंबा येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बालाघाटच्या या माथ्यावर सकाळी रानात निघालेल्या माणसाला हरणांचा कळप दिसावा, यात नवल नाही. पाहुण्याला ते दृश्य रमणीय वाटते. पण ज्याच्या हरभऱ्याचे शेंडे त्या कळपाने खुडले, त्याला ते तसे कसे वाटावे? या दोघांचेही म्हणणे ध्यानात ठेवूनच मी बोलणार आहे.

आपण सरसकट ज्याला हरीण म्हणतो, ते या भागात बहुधा काळवीट असते. सांबर, चितळ यांची शिंगे दरवर्षी झडतात व नव्याने येतात. काळविटाची पीळदार शिंगे जन्मभर टिकतात. शासकीय कागदपत्रांत ‘सारंग’ व ‘कुरंग’ असे दोन शब्द येतात, ते या भेदामुळेच. काळवीट हा कुरंग होय.

त्याचे मुख्य अन्न गवत. त्यातही आखूड व कोवळे. पावसाळ्यात माळावर मारवेल, पवन्या तरारून येतात, तेव्हा कळपाला शेताकडे वळण्याचे फारसे कारण नसते. दिवाळीनंतर गवत वाळते, त्यातले सत्त्व उतरते, आणि नेमक्या त्याच सुमारास शाळू व हरभरा हिरवेगार उभे असतात. उन्हाळ्यात हा प्राणी वेड्या बाभळीच्या शेंगा खातो. तिचे बी त्याच्या लेंड्यांतून दूरवर पडते व रुजते. ज्या झुडपांनी गवताचा माळ आक्रसतो, त्यांचाच प्रसार तो असा नकळत करतो!

आता संख्येविषयी. एके काळी भारतातील मैदानांत काळविटांचे प्रचंड कळप होते. बंदुकांनी व जीपगाड्यांनी ते विरळ केले. त्यांचा पाठलाग करणारा चित्ता तर 1952 मध्ये देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आली. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात रेहेकुरी येथे 1980 मध्ये काळविटांसाठी अभयारण्य झाले, आणि आपल्या पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य 1994 मधले. संरक्षणाने कळप सावरले, हे खरे आहे. मादी सुमारे सहा महिन्यांनी एक पाडस देते. चांगल्या पावसाच्या वर्षांत वाढ लवकर होते.

परंतु “हरणे बेसुमार झाली” असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा शेतात दिसलेली हरणे मोजलेली असतात, रानातली नव्हेत. गायरान नांगरले गेले, पडीक म्हणून माळावर झाडे लावली गेली, की तोच कळप बांधावर येतो. संख्या तितकीच, उपद्रव मात्र दुप्पट. रेहेकुरीचे क्षेत्र अवघे 2.17 चौरस किलोमीटर आहे. तेथील कळप कुंपणातला पाहुणा म्हणून कसा राहील? बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर होणारी गणनाही या दिवसा वावरणाऱ्या प्राण्यास अपुरी पडते. त्यासाठी उजेडी माळावर फिरूनच मोजणी हवी.

जपानमधील होक्काइडो बेटावर सिका हरणांचे असेच झाले. बेसुमार शिकार आणि 1879 ची हिमवृष्टी यांनी ती संपत आली होती. पुढे संरक्षण मिळाले, संख्या वाढली, आणि कुशिरोच्या दलदलीतील वनस्पती व आसपासची शेते दोन्ही तुडवली जाऊ लागली. तेथे आता संख्या आवरण्याची चिंता आहे. आपल्याकडे मात्र आधी चराईचा प्रश्न सोडवला पाहिजे, असे माझे मत आहे. गायरानाचा एक भाग पावसाळ्यात राखला, वेडी बाभूळ मुळासकट काढली, तर गुरांनाही चारा मिळतो.

कुंपणात वीज सोडण्याचा मार्ग कोणी पत्करू नये. तो गुन्हा तर आहेच, शिवाय अंधारात त्या तारेला हरीण लागेल की घरचे पोर, हे तार पाहत नाही. नुकसान झाल्यास तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी, आणि पंचनामा होईपर्यंत खाल्लेले पीक मोडू नये.